डाव्या कोपऱ्यातला लाल बूट

लुडमिला वाव्रेक हट्टी होती, असं अजून सांगतात. हट्टी कसली? खमकी होती, आणि खमक्या बाईला हट्टी म्हणायची आमच्या न्यूयॉर्कात रीतच आहे. ती डॉरिटींच्या छापखान्यात चित्रं काढायची आणि मी तिथेच छपाईचे धातूचे ठसे करायचो, तेव्हा मला विचारा.

डॉरिटींचं मासिक म्हणजे दरोडे, चाचे, खून, सगळं खरबरीत स्वस्त कागदावर. मुखपृष्ठावर वरच्या डाव्या कोपऱ्यात टाच झिजलेला लाल बूट. तो लुडमिलानं काढला होता, गोदीत राबणाऱ्या भावाचा बूट समोर ठेवून. डावाच कोपरा का? तर स्टॉलवाले मासिकं एकावर एक सरकवून लावतात, प्रत्येकाची तेवढी डावी पट्टीच दिसते. निम्म्या गिऱ्हाइकांना इंग्रजी धड वाचता येत नसे. ती गिऱ्हाइकं बोट दाखवून बूट मागायची.

म्हातारे डॉरिटी वारले आणि चिरंजीव एव्हरेट गादीवर बसले. त्यांना बुटाची लाज वाटायची. म्हणे, हमालाचं पायताण कसलं मिरवायचं? त्यांना उजवीकडे खाली सोनेरी पानांचा हार हवा होता. तिथे तो कुणाच्या बापाला दिसणार नाही, असं लुडमिलानं तोंडावर सांगितलं. हार काढा नाहीतर घरी जा, असं उत्तर आलं. तिनं ब्रश धुतला, टोपी घातली आणि निघून गेली. मी मात्र हुकूम झाला तसे बुटाचे सगळे ठसे मुकाट्यानं वितळवले. त्याची मला आजही लाज वाटते.

न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळावेत म्हणून स्टॉलवाले त्यांची मुखपृष्ठं फाडून परत पाठवतात. दोन महिन्यांत सोनेरी हारांची पोतीच्या पोती परत आली. बूट बंद पडला काय, असं गिऱ्हाइकं विचारत होती. मग जुना अंक बघून बूट काढायला दोन चित्रकार बसवले. एकाचा बूट भोपळ्यासारखा झाला, दुसऱ्याच्याकडे तर बघवेना. शेवटी एव्हरेटनी लुडमिलाला निरोप धाडला.

ती आली, पण बसली नाही.

"चूक झाली, बाई. तेवढा बूट काढून द्या," एव्हरेट म्हणाले.

"काढते. पण खाली माझं नाव येईल. दर अंकाला."

"अहो, तिथलं नाव कोण वाचतंय?"

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

एव्हरेट तांबडेलाल झाले. मासिक डॉरिटींचं, तेव्हा बूटही डॉरिटींचाच, असं त्यांनी बजावलं. लुडमिलानं कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि लाल रंगात बुडवलेला ब्रश हातात दिला.

"तुमचा आहे ना? मग काढा."

आम्ही सगळे हातातली कामं टाकून बघत होतो. त्यांनी ब्रश धरला, कागदाकडे बघितलं, एक थेंब टपकला. मग कागद तिच्याकडे परत सरकवला.

लुडमिलानं नवा कागद घेतला. आधी तळाशी आपलं पूर्ण नाव लिहिलं, फुंकर मारून वाळवलं, आणि मगच बुटाला हात घातला.