बकरीने खाल्लेली नोटीस
आज लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला कणकेची खळ शिजवली आणि त्या वासाने जबलपूरला एम.डी. करतानाचा आमच्या पॅथॉलॉजी विभागाचा व्हरांडा आठवला. शिष्यवृत्ती, नोकरी, प्रशिक्षण, जे काही आमच्यासाठी येई ते आमचे विभागप्रमुख सर वाचून सही करत आणि शिपाई ते खळीने बाहेरच्या भिंतीवर डकवी. एकदा मद्रासच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची नोटीस लागली. रक्ताच्या आजारांचं तसं शिक्षण आमच्याकडे नव्हतं, मला जायचंच होतं. सकाळी ती नीट वाचायला गेले, तर खालचा अर्धा कागद गायब. "दीदी, आपका मद्रास तो बकरी चर गई," शिपाई हसत म्हणाला. माझ्या वर्गातला एकजण म्हणाला, "खाली 'महिलांनी अर्ज करू नये' असंच असेल. बकरीने तुझं मन राखलं!" तशी अट तेव्हा सर्रास असे, म्हणून मी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले. सर नागपूरकडचे. "काहून रडून राहिली? उरलेल्या कागदात तुला मनाई आहे काय?" "नाही, सर." "मग टाक अर्ज." शिफारस त्यांनीच लिहिली. मद्रासच्या वसतिगृहात बाईसाठी खोलीच नव्हती, तेव्हा मेट्रनबाईंनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. ते सहा महिने फार सुखाचे गेले. मुलांनो, खालच्या अर्ध्यात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. पण सही करण्याआधी सरांनी तो कागद पूर्ण वाचला होता, हे आज खळ ढवळताना माझ्या ध्यानात आलं.