दगडीबाईची खुडूक कोंबडी

दगडीबाई जळगावात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात ओझी वाहायची. तिचं गाव सातपुड्याच्या पायथ्याचं. नवरा सिंगा पोटापाण्यासाठी तिला शहरात घेऊन आला आणि दोनच वर्षांत तापानं गेला. मागे राहिली एक खोली, खोलीमागचं हातभर परसू आणि सिंगानं गावाहून डोक्यावरून आणलेल्या कोंबडीची पिलावळ. त्या कोंबड्यांशी बोलल्याशिवाय दगडीबाईचा दिवस सुरू होत नसे.

१९१७ च्या हिवाळ्यात गल्लीत उंदीर मरून पडू लागले. लगोलग म्युनिसिपालिटीची दवंडी आली: प्लेग आलाय, कोंबड्यांच्या दाण्यावर उंदीर येतात; वस्तीत कोंबडं सापडलं तर मारून टाकू, पाळणाऱ्याला कचेरीत उभं करू. कचेरीला दगडीबाई फार भ्यायची. आरवणाऱ्या कोंबड्याची मान तिनं स्वतःच्या हातानं मुरगळली. चार कोंबड्या बाजारात देऊन टाकल्या. पण पाचवी खुडूक होती. अकरा अंड्यांवर बसून तिला बारा दिवस झाले होते; पिल्लं निघायला अजून नऊ हवे होते.

"कसा बी नऊ दिन काढसू," दगडीबाई स्वतःशीच पुटपुटली.

तिनं कोंबडी बसलेलं बांबूचं डालगं खोलीच्या कोपऱ्यात ओढलं आणि वर गोधडी टाकली. कामावर गेली तरी जीव त्या कोपऱ्यातच असायचा. गल्लीत कोणी खाकरलं तरी तिला म्युनिसिपालिटीचा जमादार आल्यासारखं वाटायचं. शेजारच्या यशोदाबाईची तर तिला फारच धास्ती. मागच्या साथीत यशोदाबाईचा धाकटा भाऊ गेला होता. तेव्हापासून ती बाई उंबऱ्यावर चुना टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघायची.

कोंबडी बसल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, जिनाला सुट्टी असताना, दारावर काठी वाजली. तोताराम जमादार होता. त्याच्या मागे यशोदाबाई तोंडाला पदर लावून उभी.

"आत कोंबडं आहे म्हणतात."

"नही शे, भाऊ."

"मग ते गोधडीखाली काय आहे?"

तो आत शिरला. काठीचं टोक गोधडीला लागणार, तोच दगडीबाईच्या तोंडून निघून गेलं, "मले शिवू नका भाऊ! सकायपाईन काखमा गाठ शे."

तोताराम विंचू चावल्यासारखा मागे उडाला आणि पळत सुटला. यशोदाबाईनं एक किंकाळी फोडली. आपण काय बोलून बसलो, हे दगडीबाईला तेव्हा कळलं. पण बोललेलं मागे घेता येईना.

तासाभरात प्लेगची माणसं आली. कौलं उतरवली, भिंतींवर औषध मारलं आणि तिला गावाबाहेर संशयितांसाठी उभारलेल्या झोपड्यांत न्यायला निघाली. अंथरूण-पांघरूण घ्यायची मुभा होती. तिनं डालग्यावर गोधडी घट्ट आवळली आणि ते डोक्यावर घेतलं. कोंबडीनं हूं की चूं केलं नाही.

झोपड्यांत डॉक्टरनं तिला तपासलं. गाठ सापडली नाही. "तरी दहा दिवस इथंच राहायचं," तो म्हणाला. पलीकडच्या झोपडीत एक म्हातारा पाणी पाणी करत होता. दुपारी त्याचा आवाज थांबला. दगडीबाई पुन्हा पुन्हा स्वतःची काख चाचपू लागली. खोटं बोललेलं खरं ठरतं की काय!

संध्याकाळी आणखी एक गाडी आली. तिच्यातून यशोदाबाई उतरली, नवरा आणि दोन मुलींसह. शेजारघर म्हणून त्यांनाही उचललं होतं. थोरली मुलगी आईचा पदर सोडत नव्हती.

दोन दिवसांनी अंडी फुटली. अकरांतून नऊ पिल्लं निघाली; गावाबाहेर असल्यानं त्यांना कोणी हात लावला नाही. त्यांची चिवचिव ऐकून यशोदाबाई झोपडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"मले गाठ नव्हती, अक्का," दगडीबाई मान खाली घालून म्हणाली. "यासनाकरता बोलनू."

यशोदाबाईनं पिल्लांवरून नजर काढून आपल्या झोपडीकडे पाहिलं. "माझ्या पोरींना काही झालं असतं तर?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

यशोदाबाईच्या घरातलं कोणी दगावलं नाही. पण दहा दिवस दगडीबाई रोज सकाळी आधी त्या दोन मुलींना चालताना बघायची आणि मगच घास घ्यायची.

सुटका झाल्यावर ती त्या गल्लीत परतलीच नाही. जकात नाक्यापलीकडे, म्युनिसिपालिटीची हद्द संपते तिथं, तिनं कुडाचं खोपट बांधलं आणि पुढं तीस वर्षं तिथूनच पायी जिनात गेली. कोंबड्यांना तिथं कोणाची बंदी नव्हती. तरी दारावर काठी वाजली, की म्हातारपणीही तिचा हात आधी काखेकडे जायचा.