दादाचा कोट

आमच्या खानदानात नव्या कपड्यांची वाट लावून पगार घेणारी एकटी आत्याच. चित्रपटांच्या स्टुडिओत ती कपडे जुने करते. कोपरांवर सँडपेपर घासायचा, कॉलर चहाच्या पाण्यात बुडवायची, खिशांत दगड भरून कोट आठवडाभर टांगून ठेवायचा. माझे शर्ट काही न करता तसेच होतात, पण मला त्याची बोलणी बसतात.

तिचा मुलगा, माझा दादा, लढाईत गेला. परत आला तो त्याचा फौजी कोट. वर्षातून एकदा आत्या त्याला ऊन द्यायची आणि मला घालायला लावायची. दादाचं नि माझं माप एकच. खांद्यांवरून हात फिरवून "बस, काढ आता" म्हणायची. त्या दिवशी मी जरा कमी बडबडायचो.

गेल्या वर्षी स्टुडिओत एक युद्धपट आला. नवऱ्याला मारणाऱ्या पाच जणांचा सूड घ्यायला निघालेली बाई, अंगात नवऱ्याचाच कोट. दिग्दर्शकाचं म्हणणं, दर खुनागणिक कोट फाटत जावा, रक्ताने माखत जावा, केस सुटत जावेत.

आत्या म्हणाली, "साहेब, अशी बाई दुसऱ्या माणसापर्यंतसुद्धा पोचायची नाही. बाह्या हातांवर लोंबतायत. बंदूक धरणार कशी?"

मग तिने आपलं सांगितलं. सुरुवातीला बाई त्या कोटात बुडालेली असू द्या. एक मेला की तिने बाह्या आखूड करायच्या, दुसरा मेला की कंबर आत घ्यायची. केस घट्ट, बटणं जागच्या जागी. शेवटी कोट अंगाबरोबर बसेल आणि त्यात नवऱ्याचं माप कुठेच उरणार नाही.

हे सुचलं कसं, असं दिग्दर्शकाने विचारलं. शिवणारीला दुसरं काय सुचणार, म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. मला ठाऊक होतं. दादाच्या तुकडीला पुढे धाडणाऱ्या अधिकाऱ्याला तिने सहा वर्षं पत्रं लिहिली होती. समास आखून, सुवाच्य अक्षरात, शिवी एकही नाही. शेवटच्या पत्रांत दादाचं नावही नसायचं.

अडचण एवढीच झाली की शेवटचा प्रसंग आधी चित्रित झाला. तसा कोट स्टुडिओत एकच. तो नायिकेच्या मापाने कापला गेला आणि सुरुवातीला ढगळ कोटच उरला नाही. दिग्दर्शक म्हणाला, जाऊ द्या मावशी, रक्ताचंच करू.

दुसऱ्या दिवशी आत्याने दादाचा कोट पिशवीत घातला. मी नको म्हणालो.

"कच्चे टाके घालते," ती म्हणाली. "उसवता येतात."

पण शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड, शिंपी ज्याला माया म्हणतात, ते कॅमेऱ्यात फुगलेलं दिसायला लागलं. म्हणून तिने ते कापलं. एकेका मेलेल्यामागे थोडं थोडं.

चित्रपट आम्ही शेजारी बसून पाहिला. पाचवा पडला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. आत्या पडद्यावरच्या बाईचे फक्त खांदे बघत होती.

यंदा तिने कोट उन्हातून आणला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. माझा एक हात कोपरापाशी अडकला. तिने दोनदा ओढून पाहिलं.

"जाड झालायस तू," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो आत्या, हल्ली फार खातो.