घोटीत हिरो मरत नाही

आमच्या नानांनी एका सिनेमाचा शेवट चोरला होता.

नाना म्हणजे माझे वडील. घोटीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते.
आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

सिनेमा जुना, ब्लॅक अँड व्हाइट. हिरॉईन नाही म्हणते आणि शेवटच्या रिळात हिरो तिच्या लग्नाच्या मांडवात विष घेतो.

घोटीत मात्र तो सायकलवर टांग मारतो, निघून जातो, आणि दिवे लागतात.

नानांनी शेवटचं रीळ लावलंच नाही. आठवडाभर! मालकाला सांगितलं, प्रिंट तुटतेय.
गावातली जुनी माणसं अजून पैजेवर सांगतात, हिरो सुखरूप घरी गेला म्हणून.

मी लहानपणापासून विचारत आले, का?
"प्रिंट खराब व्हती."
बस, एवढंच. टीव्हीवर तो सिनेमा लागला की क्लायमॅक्सच्या आधी नाना चॅनल बदलणार. मला तेव्हापासून डाऊट, यात काहीतरी लफडं आहे.

होतंच. काल नाशिकला आमच्या घरी वर्षश्राद्धाची यादी करताना आईने सांगितलं.

त्याच सुमारास नाना आईला बघून आले होते. तिच्या घरून निरोप गेला, पत्रिका जुळत नाही. म्हणजे काय, ते आपल्याकडे सगळ्यांनाच कळतं. नकार आईचाच होता.

आणि रविवारी मॅटिनीला, त्या सिनेमाच्या पहिल्याच खेळाला, हीच बाई मैत्रिणींबरोबर टॉकीजमध्ये हजर! नकार दिला म्हणून सिनेमा का सोडायचा, असं तिचं म्हणणं.

"त्यांनी वरून, मशीनच्या खोलीतून, मला पाह्यलं. मला बाहेरूनबी कळू नये म्हणून मग गावात कोणालाच शेवट दाखवला नाय."

"पण तुला कळला कसा?"

"अगं, मी तो पिच्चर आधीच सिन्नरला मामाकडं पाह्यला व्हता. आता विष घेणार, म्हणून डोळे मिटून बसले. उघडले तर दिवे लागलेले."

मग?

"मग काय! नाय म्हणलं की लोक जीव द्यायची धमकी देत्यात. ह्या माणसानं मला पडद्यावरचं मरणबी दाखवलं नाय. म्हणलं, ह्याच्यासंगं भीती नाय. घरी जाऊन बापाला सांगितलं, पत्रिका परत बघा."

नानांना हे कधी सांगितलंस का?

"नाय. त्यांना वाटायचं, मला ठाऊकच नाय. लय जपायचे. जपू दिलं."

नाना, हे ऐकून तुम्ही किती लाजला असता, ते बघायचं राहून गेलं.
खूप आठवण येते.
तुमच्या लेकीचा मनापासून नमस्कार.