दुसरी गोळी

दिवाळीची सुट्टी संपली की ढोमणे मॅडम शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक पोराचं दप्तर उघडायच्या. टिकल्यांची बंदूक निघाली की ती हातात घेऊन शांतपणे विचारायच्या, "कोनावर ताणतं रे?" पोट्टा म्हणायचा, कोणावरच नाही. "मंग काहून घेऊन फिरून राहिला?" आणि बंदूक जप्त. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, पुरानी बस्तीतल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, मी पहिलीची बाई. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

उरल्याच्या एका कारखानदाराला तर त्यांनी फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तो मुलाचा निकाल न्यायला आला, कमरेला पिस्तूल. लायसन्स आहे म्हणून गुरगुरला. मॅडम म्हणाल्या, "लायसनमधेच लिहिलं आहे भैया, शाळेच्या आवारात न्यायची नाही. वाचलं नाही का?" मग स्वतःच बाहेर गेल्या आणि पानठेल्यापाशी भर उन्हात उभं राहून त्याला पोराचे गुण समजावून सांगितले. माणूस घामाघूम झाला, मॅडमच्या कपाळावर आठी नाही.

अशा बाईच्या मुलाचं लग्न एका रविवारी शाळेच्याच मैदानावर झालं. त्यांचा धाकटा भाऊ दिलीप, अभनपूरचा धानाचा व्यापारी. आई लवकर गेली म्हणून मॅडमनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. हार घालून झाले आणि या पठ्ठ्यानं कमरेचं पिस्तूल काढून हवेत गोळी झाडली. टाळ्या पडल्या. मग दुसरी झाडली. मॅडम काही बोलल्या नाहीत. मुलीकडची माणसं समोर उभी, बिचाऱ्या करणार काय, असं मी मनाशी म्हटलं आणि जेवायला गेले.

सोमवारी माझ्या वर्गातल्या एका चिमुरडीनं मूठ पुढे केली. "मॅडम, ये मेरी बेंच पे था." चेपलेली गोळी होती. वर पाहिलं तर पत्र्याला भोक, त्या पोरीच्या जागेच्या बरोबर वर.

मी गोळी ऑफिसात नेली. म्हटलं, मॅडम, सुट्टीचा दिवस होता, कोणाला खरचटलंही नाही, पत्रा बदलून घेऊ, घरची गोष्ट घरातच राहू द्या. त्यांनी गोळी रुमालात बांधली आणि कोणीतरी मोबाईलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ घेऊन सरळ ठाण्यात गेल्या. सख्ख्या भावाचं नाव दिलं. पिस्तूल गेलं, लायसन्स गेलं, जामीन होईपर्यंत दिलीप आत होता. लग्नात गोळी झाडणं गुन्हा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळेच झाडतात, एवढंच. त्याच्या बायकोनं फोनवर सांगून टाकलं की आमच्यासाठी ताई मेली.

शाळेत मात्र कौतुकच कौतुक. पालकांनी शाल आणली, ती मॅडमनी परत पाठवली. कोणी शाबासकी द्यायला लागलं की त्या उठून निघून जायच्या. मला तर ते ढोंग वाटायचं, खोटं कशाला सांगू.

भाऊबीजेला मी त्यांच्याकडे गेले. पाट मांडलेला, ताट तयार, दिलीपचा पत्ता नाही. मला अस्सा राग आला. म्हटलं, चूक त्यानं करायची आणि रुसूनही त्यानंच बसायचं? असल्या भावासाठी डोळ्यांत पाणी कशाला आणता?

त्यांनी मोबाईल काढला. "हे पाह्य."

पहिली गोळी सुटते. दिलीप मान वळवून बहिणीकडे पाहतो, लहान पोर परवानगीसाठी आईकडे पाहतं तसा. मॅडम हसतात. अगदी तोंडभर, कौतुकानं हसतात. मग तो दुसरी झाडतो, आणि या वेळी त्याचा हात खाली आलेला असतो, वर्गांच्या छपराकडे.

"पहिली त्याची," मॅडम म्हणाल्या. "दुसरी मीच झाडली, बाई. ठाण्यात त्यायले म्हटलं, माह्यंही नाव लिहा. ते म्हणे, मॅडम, हँसने का केस नहीं बनता."

मोबाईल त्यांच्या हातात होता, चित्र तिथंच थांबलेलं. चित्रातल्या मॅडमच्या खांद्यामागे हिरव्या साडीतली एक बाई दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होती. ती मी होते. मॅडमनी ते कधीच बोलून दाखवलं नाही.