दगडावरच्या नावाची आई

चीनच्या लढाईत पडलेल्या आमच्या भागातल्या जवानांची नावं स्मारकाच्या दगडावर कोरली होती. मी शाळामास्तर, म्हणून त्यांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. गावोगाव फिरून सातपाटीला पोचलो तेव्हा पाय बोलायला लागले होते.

त्यातल्या एकाची आई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची आणि जोडी काठीवर टाकायची. मुलाबद्दल विचारलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"कसा होता?"

"सगल्यांच्या पोरांसारखा."

मी निघालो तेव्हा मात्र हात थांबले. "माणसं परत आण म्हणून आमी दर्याला नारळ देतो. माजा बर्फात गेला. बर्फाला काय द्यायचं होतं, मास्तर?"

तिनं पुढची जोडी उचलली.