माझ्या नातीच्या अंगात देवी नव्हती

माझ्या नातीच्या पायांवर बाया डोकं टेकत होत्या आणि ती किंचाळत होती. शिमग्याची पालखी आमच्या अंगणात आली होती. खालू बाजा अगदी दाराशी वाजत होता. ढोलाचा आवाज सुरू झाला तशी पोरगी तुळशीपाशी खाली बसली, कान दाबून पुढेमागे हलायला लागली. केस सुटले. कुणीतरी ओरडलं, "आली! अंगात आली!" झालं. वाजवणाऱ्यांनी जोर वाढवला. अंगात आलं की बाजा चढवायचा ही आमच्याकडची रीत. गुरवानं तिच्या कपाळाला अंगारा फासला. जिला आपल्या माणसाचं बोट लागलेलं चालत नाही, तिला गावाचे हात लागले.

"बाजा थांबवा!" मी ओरडत होते. म्हातारीचं कोण ऐकतो.

नात तेव्हा आठवीत होती. लहानपणापासून तिचं वेगळं. नजरेला नजर देत नसे, भांडं पडलं की घर सोडून पळे. महाडच्या डॉक्टरनं सांगितलं, हिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. माझा मुलगा मस्कतला गाडी चालवतो. त्यानं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, कुणाला सांगू नका, उद्या लग्नाला अडचण येईल. सुनेनं डॉक्टरचा कागद ट्रंकेत टाकला. मी चौथी शिकलेली. मला त्या शब्दाचं सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं.

पोरीला खेकड्यांचं वेड होतं. शाळेतून आली की ओढ्यावर. नर कुठला, मादी कुठली, कवच टाकल्यावर ते मऊ होऊन किती दिवस लपून बसतात, हे ती येईल त्याला सांगे, ऐकणारा उठून गेला तरी सांगे. आमच्या घरात खेकड्याचं कालवण सगळ्यांच्या आवडीचं. ते तिनं बंद पाडलं. मी बादलीत हात घातला की मागून आवाज यायचा, "आजे, तिच्या पोटाखाली पिल्लं हायत. दाबू नको. सोड तिला." गावातली पोरं तिला खेकडी म्हणत. आणि ती घाबरली की हीच वाक्यं डोळे मिटून पुटपुटायची. त्यानं तिला जरा बरं वाटायचं.

त्या दिवशीही पुटपुटत होती. वरच्या वाडीची एक सून, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, ती गर्दीतून पुढे आली. मागे तिची सासू तिचा दंड धरून उभी. सुनेनं पाय धरले. "आई, माझी कूस कधी उजवंल गो?"

"पिल्लं पोटाखाली हायत," नात म्हणाली. "दाबू नका. सोडा तिला."

सासूनं चटका बसल्यासारखा दंड सोडला. सून हंबरडा फोडून रडली. आता सांगून उपयोग नव्हता.

पुढच्या मंगळवारी दारात नारळ घेऊन माणसं. माझ्या सुनेनं ओटी सारवली, खुर्ची मांडली. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"आई, आजवर माझ्या पोरीला येडी म्हणाली ही माणसं. आता पाया पडतात. पडू देत की."

मला तिचं म्हणणं कळत होतं. आईच होती ती. पण पोरगी भाताच्या कणगीमागे जाऊन बसली. वाटेत बाया पाय धरतात म्हणून तिनं शाळा सोडली, ओढाही सोडला. जेवेना. स्वतःचं मनगट चावून काळंनिळं केलं. आणि गावकीनं ठरवलं की येत्या पौर्णिमेला तिला देवळात बसवायचं, बाजा लावून.

मी कणगीमागे गेले. "बसायचंय तुला?"

"बाजा असंल?"

"असंल."

"नाय."

"आणि नसला तर?"

तिनं विचार केला. "काय विचारतील?"

"आपापली दुखणी."

"ती मला नाय माहीत."

एवढं मला पुरे होतं. बाजा वाजू देणार नाही असं तिला कबूल केलं आणि पौर्णिमेला दुपारीच तिला घेऊन देवळात गेले. माणसं जमलेली, ढोल ताणून ठेवलेले. मी म्हटलं, "बाजा वाजायचा नाय. हात कुणी लावायचा नाय. मग विचारा काय ते."

गुरव म्हणाला, "म्हातारे, बाजाशिवाय देवी येत नाय."

"का? बहिरी हाय?"

माणसं हसली. नात पायरीवर बसली. गावकीतल्या थोरल्यानं हात जोडले, "आई, गावाला काय सांगणं हाय?"

तिनं त्याच्या कानाच्या बाजूला बघत सांगितलं, "ओढ्यात ब्लीचिंग टाकून मासे मारता ते बंद करा. खेकडे मरतात."

मागे दोघेजण खाली बघायला लागले. थोरल्यानं मान डोलावली. पण पोरगी थांबली नाही. बिळं कशी असतात, तोंडं कुठल्या बाजूला, नांगी तुटली तर पुन्हा कशी येते. एक बाई जांभई देत उठली. मग दुसरी. "देवी खेकड्यांची दिसते," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तेव्हा मी बोलले. "देवी नाय हिच्यात. मोठा आवाज आणि लोकांचे हात हिला सोसत नायत. डॉक्टरनं ऑटिझम सांगितलाय. पुन्हा कुणी पाय धरले तर माझ्याशी गाठ हाय."

"म्हंजे येडीच की," मागून बाईचा आवाज आला.

"तुझ्यापरीस बरी. न विचारता कुणाच्या अंगाला हात लावत नाय."

घरी सून रडली. "आता हिच्याशी लग्न कोण करंल, आई?" मी म्हटलं, आधी जेवू दे तिला. जेवली. भात दोनदा घेतला.

वरच्या वाडीची सून एकदा येऊन अंगणात उभी राहिली. नातीनं आपण होऊन सांगितलं, "मी खेकडीचं बोलत होते."

"कळलं गो मला," ती म्हणाली. चहा घेतला, बराच वेळ बसली, गेली. तिला मूल झालं नाही.

मुलानं फोनवर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नात पुन्हा शाळेत जायला लागली, ओढ्यावरही, आणि गावातली पोरं पुन्हा खेकडी म्हणायला लागली. शिमग्यात पालखी येते त्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं महाडला माझ्या बहिणीकडे जातो.

नात्यातल्या बाया मला म्हणतात, म्हातारपणी तुला फार सोसावं लागलं. मला काय सोसावं लागलं? चार शब्द ऐकले. झालं ते सगळं माझ्या नातीला झालं. ती आता बारावीत आहे.